कोथरूडची महिरप आणि विद्यार्थ्याची नजर

कलेचे रसग्रहण हा विषय आपल्या वार्षिकांतून फारसा येत नाही. कथा, कविता, गझल यांवर आपण भरभरून लिहितो. पण चित्र, नक्षी, इमारत यांकडे पाहायचे कसे, हा प्रश्न घरातल्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यावर सोपवून मोकळे होतो. तो विद्यार्थी काय शिकतो? शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांसाठी संकल्पचित्र काढतो. पुढे कला महाविद्यालयात गेला की पहिल्या वर्षी त्याच्या हाती दोन याद्या पडतात. बिंदू, रेषा, आकार, रंग, पोत हे घटक. तोल, लय, प्रमाण, विरोध, एकता ही तत्त्वे. याद्या पाठ होतात, गुणही मिळतात. नजर तयार होते का, एवढाच आमचा सवाल आहे.

ही शिस्त परकी म्हणून टाकाऊ आहे, असे आम्हाला म्हणायचे नाही. जर्मनीत १९१९ साली सुरू झालेल्या बाउहाउस शाळेचा तिच्यावर मोठा ठसा आहे आणि तिने जगभरच्या विद्यार्थ्यांना पाहिलेले सांगण्यासाठी शब्द दिले. पण शब्द पारखायचे तर समोर वस्तू हवी. कोथरूडच्या विद्यार्थ्याला ती फार लांब शोधावी लागत नाही.

बाजीराव पेशव्यांनी १७३४ च्या सुमारास मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला, असे सांगितले जाते. कर्वे रस्त्यावरच्या मृत्युंजयेश्वर मंदिराजवळ त्याची जागा दाखवतात. महाल तिथे उरला नाही. त्याचा काही भाग दिनकर केळकरांनी शुक्रवार पेठेतल्या आपल्या संग्रहालयात पुन्हा उभा केला. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ अडकित्ते, दिवे, दरवाजे, वाद्ये अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि १९७५ साली हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

त्या दालनात वही घेऊन उभे राहिले की यादीतले शब्द बोलू लागतात. महिरपीमागून महिरप येते, ही लय. पण नुसत्या पुनरावृत्तीने लय होत नाही. दोन खांबांमधली मोकळी जागा हा तिचा विराम असतो. गझलेतला रदीफ आठवावा. तेच शब्द परत येतात म्हणून तो गोड लागत नाही. मधल्या ओळीत काही वेगळे घडून ते परत येतात म्हणून लागतो. पेशवेकालीन लाकडी खांब पुष्कळदा सुरूच्या झाडाच्या घाटाचा असतो: खाली भरदार, वर निमुळता. प्रमाणाचा याहून सोपा धडा कुठला? भार खाली पेलला आहे अशी डोळ्याची खात्री पटते आणि जड लाकूड हलके वाटू लागते.

इथे रसग्रहण इतिहासाला भिडते. सुरू हे इराणी बागेतले झाड. मोगल आणि राजपूत वास्तूंमधून त्याचा घाट दख्खनेत उतरला आणि इथल्या सुताराने तो सागवानात घडवला. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातही असेच सुरूदार खांब आहेत. ‘महिरप’ हा शब्दच अरबी ‘मेहराब’वरून आलेला, शाळेतले पोर गणितात महिरपी कंस सोडवते तेव्हा त्याला याचा पत्ताही नसतो. मग ही महिरप कोणाची? मशिदीची, वाड्याची, देव्हाऱ्याची की गणिताच्या वहीची? ‘हे सारे आपलेच’ म्हणून मिरवणारा आणि ‘यात त्यांचे काहीच नाही’ असे ठणकावणारा, दोघेही न पाहता बोलत असतात.

मात्र विद्यार्थ्याने वहीत आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. समोर आहे तो महाल नव्हे, महालाचा अवशेष आहे. मूळ जागेवरचा उजेड, मोकळे आवार, दुरून चालत येतानाचे पहिले दर्शन, हे सगळे गेले. म्हणून या दालनावरून मूळ वास्तूच्या तोलाविषयी निकाल देता येणार नाही. आकल्पाच्या याद्यांमध्ये या हरवलेल्या भागासाठी रकाना नाही, हीच त्यांची मोठी उणीव.

दुसरी उणीव आपल्या समाजाच्या पाहण्याची आहे. मस्तानीच्या गळ्यातून उतरणारा विड्याचा रस लोकांनी आख्यायिकेत पाहिला, तिचे नाव आइस्क्रीम घातलेल्या पेयाला दिले, २०१५ च्या चित्रपटात आरशांचा झगमगाट पाहिला. तिचा मुलगा समशेरबहादूर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या जखमांनी गेला. तिची कबर पाबळला आहे. हे किती जणांच्या ध्यानात असते? द. ग. गोडसे यांनी ‘मस्तानी’ या पुस्तकात दंतकथेच्या पलीकडे जाऊन तिचा शोध घेतला. गोडसे हे चित्रकार आणि नेपथ्यकार. ‘पोत’ या शब्दाला मराठी कलाविचारात वजन मिळाले ते त्यांच्यामुळे. ज्याला नीट पाहायची सवय आहे, त्याला ऐकीव गोष्ट पुरत नाही.

आपल्या घरांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. चित्र म्हणजे सजीवाची आकृतीच, अशा समजुतीने काही घरांत मुलीची रंगपेटी माळ्यावर जाते. नसरीन मोहम्मदी (१९३७–१९९०) यांचे परिपक्व काम अशा पालकांनी जरूर पाहावे. बडोद्यात शिकवणाऱ्या आणि रायगड जिल्ह्यातल्या किहीमला अखेरचा श्वास घेणाऱ्या या चित्रकर्तीने पेन्सिल आणि शाईच्या रेषांतून, एकही माणूस न काढता, अवकाश उभा केला. सय्यद हैदर रझा बिंदूपाशी आले. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन आयुष्यभर आकृतीच रंगवत राहिले. वाटा अनेक आहेत. कुठली धरायची हे मुलीला ठरवू द्यावे. आधी तिला पाहू तर द्यावे.

आमची सूचना साधी आहे. परीक्षेच्या तयारीतली एक दुपार शिक्षकांनी आणि पालकांनी राखून ठेवावी. मुलांना त्या दालनात न्यावे, एकच खांब निवडायला सांगावा आणि त्यावर एक पान लिहून घ्यावे. तो कुठे रुंद, कुठे बारीक, हात कोणाचा, घाट कुठून आला, आणि आता काय दिसत नाही. एवढे लिहिता आले, तर पाठ केलेली यादी कामाला आली असे म्हणू.