दुकान कोणाचं?

व्ही. एस. नायपॉल यांची 'अ बेंड इन द रिव्हर' (1979) मी नैरोबीत, मोबाइलवर वाचली. सलीम भारतीय वंशाचा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पार आत, नदीकाठच्या गावात येऊन दुकान चालवतो. एक दिवस सरकार ते दुकान स्थानिक माणसाला देऊन टाकतं. सलीम स्वतःच्याच दुकानात मॅनेजर! मोबुटूच्या झाईरमध्ये 1973 साली परदेशी व्यापाऱ्यांचं असंच झालं होतं. ही पानं जबरदस्त आहेत.

पण होडीतून माल न्यायला येणारी झाबेथ? देश तिच्याही पायाखाली बदलतोय. सलीमला तिचं कौतुक आहे, तिच्या मनात मात्र कादंबरी शिरतच नाही. माझंही तेच. परमिटचे नियम बदलले की मी कुरकुरतो. खालच्या भाजीवालीला तिचं कसं चाललंय, दोन वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.