सनद आणि वहिवाट

जपानी शस्त्रविद्येच्या प्राचीन संप्रदायांविषयी हल्ली जे लिहिले आणि बोलले जाते त्याने मनास उद्वेग येतो. त्याचे कारण तोतये वाढले हे नव्हे, कारण ज्या विद्येला मान असतो तिच्या नावावर जगणारे तोतये सर्व काळी असतातच. उद्वेग येतो तो तोतया आणि त्याची झडती घेणारा परीक्षक हे दोघेही एकाच गृहीतकावर उभे आहेत हे पाहून. एकजण बाराव्या शतकापासूनच्या चौतीस पिढ्यांची नावे भिंतीवर टांगतो, दुसरा त्या नावांपैकी कोणते बनावट आहे ते भिंग घेऊन शोधतो. आणि संप्रदायाची अस्सलता वंशावळीच्या लांबीत असते की नाही, हा मूळ प्रश्न दोघांपैकी कोणीही विचारीत नाही. वातातानी आणि यामादा यांचा ‘बुगेई र्यूहा दाइजितेन’ हा कोश तर आता न्यायासनच होऊन बसला आहे: नाव सापडले की अस्सल, न सापडले की नक्कल. वास्तविक नोंद म्हणजे तसदीक नव्हे. त्याच कोशाच्या १९७८ च्या आवृत्तीत तोगाकुरे-र्यू या निन्जा-संप्रदायाचे नाव आहे, आणि त्याची वंशावळ कथावाङ्मयाच्या आधारे सजविलेली आहे अशा आशयाचा शेराही आहे. पण दाखला देणारे नाव तेवढे उचलतात आणि शेरा गाळतात.

उत्पत्तिकथेची कसोटी कठोरपणे लावायची तर मग अस्सलांतला अस्सल असा कातोरी शिन्तो-र्यूदेखील त्या कसोटीस उतरणार नाही. पंधराव्या शतकात, वयाची साठी गाठल्यावर, ईझासा चोइसाई इएनाओ यांनी कातोरीच्या देवस्थानात सहस्र दिवसांचे अनुष्ठान केले आणि देवतेने प्रसन्न होऊन युद्धशास्त्राचे गुप्त लेख त्यांच्या हाती दिले, असे तो संप्रदाय सांगतो. शिन्दो मुसो-र्यूची कथा याहून प्रसिद्ध: मियामोतो मुसाशी या तलवारबहाद्दराकडून हार खाऊन मुसो गोन्नोसुके होमान पर्वतावर गेला, तेथे दैवी संकेत मिळून त्याने चार हातांहून आखूड अशा दंडाची विद्या सिद्ध केली, आणि पुन्हा सामना करून मुसाशीला जिंकले. या दुसऱ्या सामन्याला त्या संप्रदायाच्या स्वतःच्या परंपरेबाहेर भक्कम आधार नाही. पण म्हणून फुकुओकाच्या कुरोदा सरदारांच्या पदरी पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेलेली, आणि पुढे शिमिझू ताकाजी यांच्यामुळे टोकियोच्या पोलीस दलापर्यंत पोहोचलेली ती विद्या खोटी ठरते काय? देवतेचा दृष्टांत हा त्या काळी विद्येचा अधिकार सांगण्याचा रूढ प्रघात होता. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी मराठी बखरींची झडती घेऊन अस्सल कागदांचा आग्रह धरला, तो आग्रह शिरसावंद्य मानूनही असे म्हणावे लागते की बखर लटकी ठरल्याने घराणे लटके ठरत नाही. जमिनीच्या दाव्यात सनदेइतकेच वहिवाटीलाही महत्त्व असते, आणि शस्त्रविद्येच्या दाव्यात तर वहिवाटच मुख्य.

ही वहिवाट कोठे पाहावयाची? ती ‘काता’त, म्हणजे ठरीव क्रमाने करावयाच्या डावांत, पाहावयाची, आणि सारे काही कातात असूनही परीक्षकांच्या लेखी कातालाच स्थान नाही. प्राचीन संप्रदायांतील काता दोघांचा असतो. उचिदाची आणि शिदाची अशा त्या दोन भूमिका, आणि त्यांतील उचिदाचीची, म्हणजे अखेरीस पराभूत होणाऱ्याची, भूमिका गुरूकडे किंवा ज्येष्ठाकडे असते. शिन्दो मुसो-र्यूत ज्येष्ठ तलवार घेतो, कनिष्ठ दंड घेतो, आणि विजय दंडाचा होतो. वार कोणत्या क्षणी येणार, किती वेगाने, किती अंतरावरून आणि कितपत जिवावर बेतणारा, हे सारे ज्येष्ठ ठरवितो. शिष्याच्या कुवतीच्या किंचित पुढे राहून तो त्याला खेचीत नेतो, चूक झाल्यास त्याच क्षणी तिची शिक्षा देतो, आणि अखेरीस स्वतःच्या देहावर शिष्याचा विजय घडू देतो. कातोरीच्या कातांत हे अधिक सूक्ष्म आहे. ते काता दीर्घ आहेत, श्वास संपेपर्यंत चालतात; आणि तलवारीवर तलवार आपटते असे जे प्रेक्षकाला दिसते, तेथे प्रत्यक्षात पुष्कळदा मान, काख किंवा मनगटाची आतली बाजू अशा चिलखताच्या फटींवर घातलेला घाव लपविलेला असतो. त्या संप्रदायाचे आचार्य ओताके रिसुके यांनी हे जाहीरपणे उलगडून सांगितले आहे. अशी दुहेरी रचना एका पिढीत कोणास बनविता येत नाही, आणि बनविली तरी ती टिकविण्यासाठी शेकडो वर्षे रोज पराभूत होणारे ज्येष्ठ लागतात. तोतयाच्या आखाड्यात गुरू नेहमी जिंकतो. ज्याला ही विद्या पारखावयाची असेल त्याने भिंतीवरचा तक्ता सोडून गुरूच्या हातातील शस्त्राकडे पाहावे.

देहाच्या ठेवणीत कालनिर्णयही असतो. ज्या संप्रदायाच्या हालचाली चिलखताचे ओझे गृहीत धरतात, आणि ज्याच्या हालचाली शांततेच्या काळातील साध्या कपड्यांतला, चटईवर बसलेला प्रतिस्पर्धी गृहीत धरतात, ते एका काळाचे नव्हेत. कामाकुरा काळाचा दावा करून इदो काळातील दिवाणखान्यातले डाव शिकविणारा संप्रदाय आपली जन्मतारीख आपणच सांगत असतो. हा अभ्यास करणारे थोडे आहेत. डॉन ड्रेगर यांनी वाट उघडली. त्यांची ‘बुजुत्सु’ आणि ‘बुदो’ ही विभागणी आता फारच ठोकळेबाज वाटते, तरी वाट त्यांचीच. कार्ल फ्रायडे यांचा काशिमा-शिनर्यूवरील १९९७ चा ग्रंथ मात्र या क्षेत्रातील मानदंड मानावा, कारण लेखक इतिहासकार आहे आणि त्याच संप्रदायाचा मेन्क्यो काइदेन, म्हणजे संपूर्ण विद्येचा परवाना मिळालेला साधकही आहे. एलिस अ‍ॅमडर त्याच पंक्तीतले. बाकी निन्जांविषयीचे वाङ्मय चर्चेस पात्र नाही. आणि अमेरिकेत व युरोपात एकमेकांना ‘सोके’ ही पदवी बहाल करणाऱ्या मंडळ्यांविषयी लिहिणे म्हणजे शाईचा अपव्यय होय.

या ‘सोके’ पदवीने मोठाच घोळ घातला आहे. एक संप्रदाय, एक प्रमुख, एक अखंड गादी ही कल्पना चहाच्या व पुष्परचनेच्या घराण्यांना शोभते. शस्त्रविद्येत इदो काळी बहुधा याच्या उलट चाल होती: संपूर्ण परवाना मिळालेला शिष्य आपल्या संस्थानात जाऊन मुखत्यारीने शिकवीत असे, स्वतः परवाने देत असे, आणि म्हणून एका नावाच्या अनेक शाखा होत. तेव्हा ‘आम्हीच एकमेव वारस’ ही घोषणा ऐकताच परीक्षकाने आदराने मान तुकविण्याऐवजी सावध व्हावयास हवे. तसेच जेथे दुवा तुटण्यास जागा आहे तेथे असत्य शिरते, हे लक्षात ठेवावे. १८७१ त संस्थाने खालसा होऊन आचार्यांचे वेतन बुडाले, १८७६ त तलवार बाळगण्यास मनाई झाली, १९४५ नंतर परकीय सत्तेखाली शस्त्रविद्येवर बंदी आली. आणि आजच्या बहुतेक संशयास्पद वंशावळींतील ‘आजोबांनी गुप्तपणे शिकविले’ हे वाक्य नेमके याच वर्षांच्या आसपास येते.

उरला दाइतो-र्यू, आणि खरा वाद त्याच्याशी आहे. ही विद्या जगापुढे आणणारा ताकेदा सोकाकू (१८५९–१९४३) हा असामान्य पुरुष होता, यात शंका नाही; उएशिबा मोरिहेई त्याच्यापाशी १९१५ त होक्काइदोत शिकले, आणि आयकिदोचा उगम तेथे आहे. सोकाकू गावोगाव हिंडे, शिष्यांची नावे व मोहरा आणि घेतलेली दक्षिणा वह्यांत नोंदवून ठेवी; त्या वह्या आजही आहेत, आणि त्यांच्याइतका पक्का दाखला फार थोड्या संप्रदायांपाशी असेल. पण त्या वह्यांपूर्वीच्या आठशे वर्षांचा एकही अस्सल कागद नाही, आणि तरीही मिनामोतो योशिमित्सु या प्राचीन सरदारापासून विद्या अखंड चालत आली असे त्याच्या अनुयायांकडून छातीठोकपणे सांगितले जाते. हे का? ज्या विद्येच्या हाती डोळ्यांदेखत घडलेल्या एका पुरुषाच्या कर्तृत्वाचे दफ्तर आहे, तिने मृत सरदाराचे नाव का उसने घ्यावे? सोकाकूनेच ही विद्या जमविली, घडविली, कदाचित निर्माण केली, असे मानले तर तो लहान होत नाही, उलट मोठाच होतो. आणि त्याच्या वारसांनी योशिमित्सुचे नाव तक्त्यावरून खोडून सोकाकूचे नाव पहिल्या ओळीत लिहिले, तर त्यांच्या एकाही डावाचे बळ तसूभरही उणे होणार नाही. कानो जिगोरो यांनी १८८२ त जुदो स्थापिले तेव्हा ते नवे आहे असे ते उघडपणे सांगत होते, ज्या तेन्जिन शिन्यो-र्यू आणि कितो-र्यू या संप्रदायांत आपण शिकलो त्यांची नावे लपवीत नव्हते, आणि त्यामुळे त्यांच्या विद्येस कोणी कमी लेखले नाही. दाइतो-र्यूच्या वारसांना ही मोकळीक घेण्यास कोणी मनाई केलेली नाही.