पाऊण डॉलरचा हिशेब

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि कावळा ते आपले समजून उबवतो, हे आपण वर्गात शिकवतो. क्लिफर्ड स्टोल यांच्या ‘द कक्कूज एग’ (१९८९) या पुस्तकाचे नाव अशाच निरीक्षणावरून आले आहे.

स्टोल मूळचे खगोलशास्त्रज्ञ. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ते संगणक सांभाळत असताना वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत निघाली. ती किरकोळ म्हणून त्यांनी सोडली नाही. दूरध्वनीच्या तारांवरून कोणी परका संगणकात शिरत होता. त्याने यंत्रणेच्या नेहमीच्या प्रोग्रामच्या जागी स्वतःचा प्रोग्राम ठेवला. संगणकाने तो आपला समजून चालवला आणि परक्याला सर्वाधिकार मिळाले. माग अखेर जर्मनीतील हॅनोव्हरला पोचला.

विज्ञानशिक्षकाला पुस्तकातील शोधपद्धती विशेष भावेल. प्रत्येक घटनेची नोंदवहीत नोंद, अंदाज बांधणे, तो तपासणे. संदेशाला उत्तर येण्यास लागणाऱ्या वेळेवरून स्टोल अंतर काढू पाहतात, तर परका चंद्रापलीकडे बसल्याचे उत्तर येते! विलंब तारांत नसून मधल्या यंत्रांत आहे, हे त्यातून कळते. चुकलेल्या उत्तरातूनही शिकता येते, याचे हे उत्तम उदाहरण.

मात्र पुस्तकाचा तोल पाठलागाकडे झुकला आहे. हेरकथेच्या रंगात परक्याची चिकाटी लक्षात राहते, उघडी दारे विसरली जातात. स्टोल यांच्याच १९८८ च्या लेखानुसार त्याने सुमारे ४५० संगणकांवर प्रयत्न केले आणि तीसहून अधिक ठिकाणी त्याला प्रवेश मिळाला. कारणे साधी होती: निघून गेलेल्या माणसाचे चालू राहिलेले खाते, कारखान्यातून आलेला न बदललेला पासवर्ड, शब्दकोशातला शब्द. इंग्रजीच्या आठ लहान अक्षरांच्या सुमारे २०,८८३ कोटी जुळण्या होतात. शब्दकोशात मात्र काही लाखच शब्द सापडतात. हा हिशेब आणि त्यावरचे उपाय लेखकाने एका प्रकरणात एकत्र मांडायला हवे होते.

ही उणीव आज अधिक जाणवते. शाळेतून घरचा संगणक उघडून प्रश्नपत्रिका किंवा गुणपत्रके पाहणाऱ्या शिक्षकाचे घर आता त्या प्रयोगशाळेच्याच जागी आहे. त्याने वापरात नसलेली खाती बंद करावीत. रोजच्या खात्याला सर्वाधिकार देऊ नयेत. दूरप्रवेशासाठी लांब आणि इतरत्र न वापरलेला पासवर्ड ठेवावा. शक्य तर पासवर्डऐवजी किल्लीची फाईल वापरावी. दूरप्रवेशाचे दार थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती मात्र नको. लोक शेवटचा अंक तेवढा बदलतात. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ साली अशी सक्ती करू नये असे सांगितले. पासवर्ड फुटल्याचा पुरावा मिळाला तर मात्र तो लगेच बदलावा.

स्टोल यांचा भर परस्परविश्वासावर आहे. तो हवाच, पण कावळ्याने आपली अंडी मोजलेलीही बरी. पुस्तक जरूर वाचावे आणि वाचून झाल्यावर आपल्या संगणकावरील खात्यांची यादी एकदा उघडून पाहावी.