मराठी ख्रिस्ती परिभाषा
बायबलमधील कल्पना, ख्रिस्ती संस्कार व उपासनाविधी यांसाठी मराठीत रूढ झालेली संज्ञावली. नव्या धर्मकल्पनेसाठी परभाषेतील शब्द तसाच घ्यावा, हिंदू परंपरेतील शब्दाला नवा अर्थ द्यावा, की व्यवहारातील साधा शब्द निवडावा, हा तिच्यापुढील मूलभूत प्रश्न होय. तो केवळ भाषांतरतंत्राचा नाही. धर्म बदलल्यावर माणसाने आपल्या भाषेतले काय राखावे व काय सोडावे, हा त्याचा गाभा आहे.

या प्रश्नाचा पहिला मोठा आविष्कार फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) यांच्या ख्रिस्तपुराणात आढळतो. सु. ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापला गेला. पुराण हा प्रकार व ओवी हे वृत्त स्वीकारतानाच स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही योजिला. मात्र अनेक विशिष्ट संज्ञा पोर्तुगीज व लॅटिन रूपांतच ठेवल्या. लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात अशा ठिकाणी बहुधा संस्कृतोद्भव शब्द आढळतात. जस्टिन ॲबट यांनी या प्रतीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. यांपैकी कोणता पाठ मूळचा, याविषयी मतभेद आहेत. पाठ कोणताही मूळचा असो, एकाच काव्याला दोन परिभाषांचा पेहराव चढविला गेला, ही गोष्टच या प्रश्नाची तीव्रता दाखविते.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बायबलचे गद्य भाषांतर हाती घेतले. विल्यम कॅरी यांच्या प्रयत्नाने श्रीरामपूर येथून नवा करार १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ मध्ये निघाला. या भाषांतरपरंपरेतून रूढ झालेल्या शब्दांचे मूळ विविध आहे. ‘प्रेषित’ व ‘शुभवर्तमान’ संस्कृतातून, तर ‘बाप्तिस्मा’ ग्रीकमधून आला. ‘पाद्री’, ‘क्रूस’ व ‘नाताळ’ हे शब्द त्याआधीच पोर्तुगीजांच्या संपर्कातून मराठीत शिरले होते. ईश्वर व मनुष्य यांच्यातील नात्यासाठी योजिलेला ‘करार’ हा मूळचा अरबी, दस्तऐवजांतून परिचित झालेला शब्द. इझ्राएली लोकांची घरे मृत्यूने ओलांडली, या कथेवरून आलेल्या सणासाठी ‘वल्हांडण’ आणि नोहाच्या नौकेसाठी ‘तारू’ हे शब्द तर विशेष समर्पक आहेत.

अडचण येते ती तत्त्ववाचक शब्दांत. ‘अवतार’ म्हटले, की युगायुगांतील पुनरागमन सूचित होते. ख्रिस्ती मताप्रमाणे देहधारण एकदाच घडले. ‘मोक्ष’ जन्ममरणाच्या फेऱ्यातून सोडवितो, तर ‘तारण’ पापापासून. याविषयी दोन संस्कृतज्ञ मराठी ख्रिस्ती लेखकांनी परस्परविरुद्ध मार्ग स्वीकारले. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना प्रचलित भाषांतरातील हिंदू तत्त्वज्ञानाची छटा असलेले शब्द खटकत. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. मृत्यूच्या थोडे आधी ते पूर्ण झाले आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट, १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, कीर्तन व संतवाणीतील शब्दसंपदा आपलीशी केली आणि ख्रिस्ताला माउली व गुरू या नात्यांनी आळविले.

रमाबाईंची भूमिका वाचकाविषयीच्या आस्थेमुळे मोलाची ठरते. निरक्षरतेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या स्त्रीला धर्मग्रंथ समजावा, हा तिचा नैतिक आधार आहे. परंतु पूर्वसंस्कारापासून मुक्त असा शब्द भाषेत मिळणे दुर्घट असते. ‘तारण’ हा शब्दही भक्तिपरंपरेला अपरिचित नाही आणि सावकारी व्यवहारात त्याचा अर्थ गहाण असा होतो. टिळकांच्या मार्गात भावनेची ओळख लगेच पटते, पण अर्थातील भेद झाकला जाण्याचा धोका राहतो. दोघांचेही यश गीत वा वाक्याच्या संदर्भावर अवलंबून आहे. सुटा शब्द त्याची हमी देत नाही.

महाराष्ट्रात बायबल-अध्यापनाची संस्थात्मक परंपराही आहे. यवतमाळ येथे १९५३ मध्ये स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास हलविण्यात आली. तथापि परिभाषेची कसोटी अध्यापनापेक्षा सामुदायिक वाचनात अधिक लागते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या सुबोध बायबल या भाषांतरास साहित्य अकादेमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्याच्या नावातच रमाबाईंच्या उद्दिष्टाचे सातत्य दिसून येते. ‘वल्हांडण’ व ‘तारू’ यांसारखे जे शब्द ऐकताच चित्र उभे करतात, ते टिकून आहेत. तत्त्ववाचक शब्दांना मात्र प्रत्येक पिढीत नव्याने विवरणाची जोड द्यावी लागते.