दुसऱ्या लग्नाला जुन्या प्रेमाचा दाखला

हिंदी सिनेमात साठीच्या माणसाने प्रेमात पडायला आता कुणाची हरकत राहिलेली नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत पिकल्या केसांच्या नायक-नायिकांना गाणी मिळाली, विनोद मिळाले, क्वचित चुंबनही मिळालं. पण हे चित्रपट ओळीने पाहिले की एक अट लक्षात येते. उतारवयात नव्याने ओळख झालेल्या, मुलंबाळं असलेल्या दोन समवयस्कांनी सरळ लग्न करावं आणि संसार मांडावा, एवढी साधी गोष्ट सांगायला हा सिनेमा कचरतो. गंमत म्हणजे 1978 साली त्याला हे सहज जमलं होतं.

बासू चॅटर्जींचा ‘खट्टा मीठा’ हा तो चित्रपट. चार मुलगे पदरी असलेला विधुर होमी मिस्त्री आणि दोन मुलगे व एका मुलीची विधवा आई नर्गिस सेठना हे दोघं मुंबईचे मध्यमवर्गीय पारशी. अशोककुमार आणि रंगभूमीवरच्या पर्ल पदमसी यांनी त्यांना जिवंत केलं. मूळ कल्पना ‘युअर्स, माइन अँड अवर्स’ या 1968 च्या अमेरिकी चित्रपटाची. तिथल्या अठरा मुलांची हिंदीत सात झाली. या दोघांमध्ये कसलंही अधुरं प्रेम नाही. एकाच्या घराला बाईमाणूस हवंय, दुसरीला आधार. कथाही लग्नापाशी संपत नाही. खरी धमाल लग्नानंतर सुरू होते. कोण कुठे झोपणार, कुणाचं सामान कुठे राहणार, सावत्र भावाला भाऊ म्हणायचं की नाही, अशा प्रश्नांतून विनोद उगवतो. माया आधी गरजेतून येते आणि मग सवयीतून मुरते, हे बासूदांनी कुठेही गळा न काढता दाखवलं.

हेच बीज रोहित शेट्टींनी 2010 मध्ये ‘गोलमाल 3’साठी उचललं. मिथुन चक्रवर्ती आणि रत्ना पाठक शाह यांचं लग्न, त्यांची एकमेकांच्या जिवावर उठलेली पोरं, पार्श्वभूमीला गोवा. विनोदाचा आवाज वाढला, हे शेट्टींच्या शैलीला धरूनच झालं. महत्त्वाचा बदल वेगळा आहे. इथले प्रौढ वधूवर तारुण्यात एकमेकांवर प्रेम करणारे आणि घरच्या विरोधामुळे दुरावलेले निघतात. म्हणजे हा नवा संसार नव्हे, राहून गेलेलं पहिलं लग्न. प्रेक्षकाची अडचण तिथेच मिटते.

हा एकट्या शेट्टींचा तोडगा नाही. अनुराग बसूंच्या ‘लाइफ इन अ मेट्रो’मध्ये (2007) धर्मेंद्र आयुष्याच्या शेवटी नफिसा अलींकडे परततो, तो तरुणपणीच्या प्रेमाकडेच, आणि त्यांचा सहवास तिच्या मृत्यूने संपतो. ‘रॉकी और रानी की प्रेम कहानी’मध्ये (2023) धर्मेंद्र-शबाना आझमींची जोडी गाजली, पण तेही जुन्या ओढीचंच पुनरागमन. त्याची पत्नी हयात, त्याची स्मृती गेलेली, त्यामुळे लग्नाचा विषयच नाही. ‘प्यार में ट्विस्ट’ने (2005) हा दाखला पडद्याबाहेरून मिळवला: ऋषी कपूर आणि डिंपल कपाडिया एकत्र दिसले की प्रेक्षकाला 1973 चा ‘बॉबी’ आठवणारच. थोडक्यात, उतारवयातलं प्रेम चालतं, पण ते तारुण्यातून शिल्लक राहिलेलं असावं लागतं. साठीत नव्याने कुणी आवडणं अजून संशयास्पद आहे.

या संशयाचं मूळ आपल्याला परकं नाही. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ने 1899 मध्ये बोहल्यावर चढू पाहणाऱ्या म्हाताऱ्याची खिल्ली उडवली, आणि ते योग्यच होतं. तिथे पैशाच्या जोरावर एका मुलीचा सौदा होत होता. पण कोवळ्या मुलीशी लग्न करणाऱ्या भुजंगनाथावरचं हसू, समवयस्क विधवेशी लग्न करणाऱ्या विधुराच्याही वाट्याला येत राहिलं. आर. बाल्कींच्या ‘चीनी कम’ने (2007) हे हसू उलटवायचा प्रयत्न केला. चौसष्ट वर्षांचा अविवाहित बल्लवाचार्य आणि चौतीस वर्षांची नायिका. होणारा सासरा जावयाहून लहान. अमिताभ बच्चन आणि तब्बू यांचे खटकेबाज संवाद आजही ताजे वाटतात. तरी नायकाच्या वयाला तरुण नायिकेची जोड द्यावी लागलीच. चौसष्टच्या बाईला चौतीसचा नवरा देण्याचं धाडस मुख्य प्रवाहात कुणी केलेलं नाही.

अडचणीची खरी जागा दाखवली ती अमित शर्मांच्या ‘बधाई हो’ने (2018). त्यात पुनर्विवाह नाही. लग्नाच्या वयाचा मुलगा असलेल्या जोडप्याला दिवस जातात, इतकंच. पण आईवडिलांना शरीर असतं, हे कळल्यावर मुलांची उडणारी तारांबळ त्यात नेमकी टिपली आहे. नीना गुप्ता आणि गजराज राव यांचं जोडपं लाजेतून हळूहळू ताठ मानेकडे जातं. सुनेला टाकून बोलणारी आजीच ऐन वेळी तिच्या बाजूने उभी राहते; त्या भूमिकेसाठी सुरेखा सिक्रींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘शर्माजी नमकीन’मध्ये (2022) मात्र गाडी पुन्हा अडते. विधुर शर्माजी किटी पार्ट्यांना स्वयंपाक करून देतात, जुही चावलाशी मैत्री जमते. ती मैत्री लग्नाच्या उंबरठ्यापर्यंत नेण्याची हिंमत चित्रपटाला होत नाही. मुलांनी बापाच्या स्वयंपाकाला संमती दिली, यावरच समाधान मानलं जातं.

मराठीत याहून सरस काम एका मालिकेने केलं. झी मराठीवर 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’त सून पुढाकार घेऊन विधवा सासूचं लग्न लावते. निवेदिता सराफांची आसावरी आणि गिरीश ओकांचा शेफ अभिजित राजे हे एकमेकांना नव्याने भेटलेले आहेत, आणि लग्नानंतरचा संसारही मालिकेने दाखवला. मालिकेचं पाणी घालणं गृहीत धरूनही हे श्रेय तिला द्यायला हवं. आपल्या ‘उत्तरायण’ या चित्रपटालाही (शिवाजी साटम, नीना कुळकर्णी) शेवटी बालपणीच्या मैत्रीचा आधार घ्यावाच लागला होता.

प्रत्यक्षात समाज पडद्याच्या पुढे गेला आहे. पुण्यात, अहमदाबादेत ज्येष्ठांचे वधूवर मेळावे भरतात. तिथले प्रश्न रोखठोक असतात: घर कुणाच्या नावावर, आजारपणात कोण करणार, पुनर्विवाहाने नवऱ्याच्या पश्चात मिळणारं निवृत्तिवेतन थांबेल का. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर नवा जोडीदार मुलांच्या बरोबरीने वारस होतो. मुलांच्या ‘लोक काय म्हणतील’मागे अनेकदा ‘फ्लॅटचं काय होईल’ दडलेलं असतं. उत्तम विनोदी चित्रपटाला लागणारा सगळा ऐवज इथे आहे, आणि आपले लेखक अजून जुनी प्रेमपत्रं शोधत बसले आहेत.

म्हणून या प्रकाराचा उत्तम हिंदी चित्रपट कोणता, याचं उत्तर आजही ‘खट्टा मीठा’ हेच द्यावं लागतं. तो बासूदांचा मोठेपणा खरा, पण त्यानंतरच्या चार दशकांचा तो पराभवही आहे.