सर्वांत शेवटी सुटणारी वायर

अँप्लिफायरचे हाल सगळ्यांत आधी त्याच्या पिनटॉपला सोसावे लागतात. कॉर्ड धरून ओढली जाते, अंधारात कोणाचा तरी पाय अडकतो, टेम्पोत जड सामानाखाली पिना चेपतात. मग झाकणाला तडा जातो, नाहीतर कॉर्ड पिनटॉपच्या तोंडाशीच मोडते. नवा पिनटॉप बसवणे हे थोड्या वेळाचे काम. पण जाणत्या हाताने ते केलेले असेल, तर झाकण उघडून जागा-जागा पाहाव्यात, एखादी बंदिश ऐकावी तशा. तिथल्या प्रत्येक तपशिलामागे एकच विचार आहे: बिघाड कधीतरी होणारच, तेव्हा आधी काय सुटावे आणि शेवटपर्यंत काय टिकावे?

हा विचार पिनांपासूनच सुरू होतो. आपल्या तीन गोल पिनांची रचना बीएस ५४६ या ब्रिटिश मानकावरून आली आणि पुढे आयएस १२९३ या भारतीय मानकात स्थिरावली. अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब असते. जाड असल्यामुळे ती फेजच्या भोकात शिरूच शकत नाही. लांब असल्यामुळे लावताना आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. वीज येण्याआधी संरक्षण हजर, आणि वीज गेल्यावरच त्याला रजा.

चांगला कारागीर हेच सूत्र वायरमध्ये पुढे नेतो. कॉर्डचा मोडका भाग तो लख्ख तांबे दिसेपर्यंत कापून टाकतो. बाहेरचे जाड आवरण इतकेच सोलतो की कॉर्ड धरून ठेवणाऱ्या पट्टीची पकड त्या आवरणावरच बसेल आणि ओढ आतल्या नाजूक वायरींवर येणार नाही. फेज आणि न्यूट्रल मापात कापतो, पण अर्थिंगची वायर मुद्दाम लांब ठेवून तिला आत सैल वळण देतो. उद्या कोणी हिसका दिला आणि पट्टी निसटली, तर ताण आधी फेज-न्यूट्रलवर येईल. अर्थिंग सर्वांत शेवटी सुटेल. मला या दुरुस्तीतली ही सर्वांत सुंदर जागा वाटते. पिनेच्या लांबीत जे आहे तेच वायरच्या लांबीत पुन्हा येते.

स्क्रूखालच्या टोकांकडेही बघावे. तांब्याच्या तारा घट्ट पिळलेल्या, एकही तार बाहेर नाही, आणि टोकाला सोल्डरचा डाग नाही. डाग दिलेले टोक मजबूत दिसते खरे. पण सोल्डर मऊ असते, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरते आणि जोड ढिला पडतो. ढिला जोड तापतो. जुन्या पिनटॉपच्या आत दिसणारा तपकिरी करपलेला डाग बहुतेकदा या ढिलाईचाच पुरावा असतो.

रंगही नीट वाचावे लागतात. जुन्या भारतीय पद्धतीत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. नव्या कॉर्डमध्ये तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. अमेरिकन कॉर्डमध्ये मात्र काळी वायर फेजची असते. अँप्लिफायर देशोदेशींचे असतात, म्हणून रंगावर विसंबून न राहता मल्टिमीटरने खात्री करावी.

एवढी काळजी मिक्सर-ग्राइंडरलाही हवीच; पण इलेक्ट्रिक गिटारमध्ये तिचे मोल वेगळे आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून जॅकच्या बाहेरच्या कडीला, तिथून केबलने अँप्लिफायरच्या चॅसिसला आणि शेवटी अर्थिंगच्या पिनेला जोडलेल्या असतात. वादकाची बोटे या साखळीवरच फिरत असतात. साखळी सलग असेल आणि आत फेज चॅसिसला टेकली, तर प्रवाह जमिनीकडे जातो आणि फ्यूज उडतो. साखळी चॅसिस आणि अर्थिंग यांच्यामध्ये तुटलेली असेल, तर त्याच तारांवर २३० व्होल्ट येऊन थांबतात. आणि मंचावरच्या एकाच उपकरणाचे अर्थिंग चांगले असून भागत नाही. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. त्याचा हात अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला लागला होता.

तरीही अँप्लिफायरमधली ५० हर्ट्‌झची घरघर थांबवण्यासाठी अर्थिंगची पिन कापणारे भेटतात. त्या घरघरीवर सुरक्षित उपाय आहेत: सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत, सिग्नल मिक्सरकडे नेणाऱ्या डीआय बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्ट वापरावे. ते सिग्नलची जमीन तोडते, विजेचे अर्थिंग शाबूत ठेवते.

झाकण बंद झाल्यावर, कॉर्ड बोर्डात लावण्याआधी, मल्टिमीटरचे एक टोक अर्थिंगच्या पिनेला आणि दुसरे चॅसिसच्या उघड्या धातूला लावावे. मग हाताने कॉर्ड थोडी ओढून, हलवून पाहावी. मीटरचा आवाज सलग राहिला, तर काम खरे. हीच तपासणी मंचावरच्या प्रत्येक अँप्लिफायरची कार्यक्रमाआधी व्हावी, गिटार सुरात लावण्याच्याही आधी.