धक्का पेलणारी बैठक

एके-४७ची गोळी जेमतेम ८ ग्रॅमची, पण नळीतून सुटते ती सेकंदाला ७०० मीटरहून अधिक वेगाने. जेवढा संवेग ती पुढे नेते तेवढाच बंदुकीला मागे रेटतो, आणि जळलेल्या दारूचा वायू त्यात भर घालतो. नळी खांद्याच्या टेकूपेक्षा थोडी वर असते, म्हणून हा रेटा नळीचं तोंड वर उचलतो. सलग माऱ्यात मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या, म्हणजे पुढची गोळी एक दशांश सेकंदात. डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच माणसाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. एकेका धक्क्याला उत्तर देणं शक्यच नाही. तो पेलायची तयारी चाप ओढण्याआधीच झालेली असावी लागते: पाय कसे रोवले, दस्ता खांद्यात किती घट्ट बसवला, हात कशावर टेकला.

कितीतरी गेममध्ये नेमकी ही तयारीच हरवते. चाप ओढला की चित्र थरथरतं, नेमाची फुली फाकते, आणि धक्का ही नुसती शिक्षा होऊन बसते. ‘काउंटर-स्ट्राइक’ने वेगळी वाट काढली. तिथे एके-४७च्या ३० गोळ्या ठरलेल्या वळणाने चढतात, आधी वर आणि मग आडव्या झुलत. तबलजी कायदा हातात बसवतो तसं खेळाडू ते वळण उलट्या दिशेने माउसवर घोटवतात. ही तयारी देखणी आहे, पण ती स्मरणाची. खऱ्या बंदुकीचं वळण असं पाठ करता येत नाही.

शरीराची तयारी मला सापडली ती ‘आर्मा ३’मध्ये. बोहेमिया इंटरॲक्टिव्ह या चेक कंपनीचा हा गेम २०१३चा; पण त्यातली बंदूक खरी जडशीळ झाली ती एप्रिल २०१५मध्ये, ‘मार्क्समेन’ या विस्तारसंचासोबत (डीएलसी) सगळ्यांना मोफत मिळालेल्या बदलांनी. त्यात प्रत्येक बंदुकीच्या धक्क्याचे दोन हिस्से आहेत. एक तात्पुरता: नळी उसळते आणि आपणहून परत येते. दुसरा टिकणारा: नेम जिथे सरकला तिथेच राहतो, तो तुम्हीच खाली आणायचा. हे दोन हिस्से वेगळे ठेवणं मला या गेममधलं सर्वांत सूक्ष्म काम वाटतं. पहिल्या हिश्श्यात बंदुकीचा स्वभाव दिसतो, दुसऱ्यात नेमबाजाचं कर्तव्य. पहिलाच ठेवला असता तर बंदूक स्प्रिंगचं खेळणं झाली असती. दुसराच ठेवला असता तर तिच्यामागे खांदा आहे हे जाणवलंच नसतं.

नळी नेमकी कुठे उसळेल हे ठरलेलं नाही, मर्यादा तेवढी ठरलेली आहे. त्यामुळे पाठांतर कामी येत नाही आणि खेळाडूची नजर आपोआप आधारांकडे वळते. दगडी कुंपणाच्या, खिडकीच्या चौकटीच्या नुसतं जवळ गेलं तरी बंदूक तिथे टेकते आणि धक्का ओसरतो. दुपायी (नळीखालचा दोन पायांचा टेकू) लावून आडवं झालं तर आणखीच. चढावर धावत आलेल्या सैनिकाचा श्वास फुललेला असतो, नळी डोलत असते, आणि त्या डोलण्यावर धक्का चढतो. लेम्नोस या ग्रीक बेटावरून घडवलेल्या आल्टिसच्या उघड्या टेकड्यांवर एखादं बुटकं कुंपण किती मोलाचं वाटतं, ते अशा वेळी कळतं.

एक गोष्ट मात्र खटकते. दुपायी लागली की मशीनगन गरजेपेक्षा जास्त शहाण्यासारखी वागते. तिथे थोडी धुसफुस उरायला हवी होती.

माउस खांद्याला ढकलू शकत नाही, ही उणीव गेमने डोळ्यांकरवी भरून काढली आहे. नळी वर जाण्याआधी अख्खी बंदूक क्षणभर डोळ्याकडे सरकते. गेममधल्या आभासी शस्त्रागारात एकच रायफल घेऊन भिंतीवर तीनदा मारा करून पाहावा: उभ्याने, गुडघ्यावर आणि आडवं होऊन. नजर फुलीवर ठेवू नये, दस्त्याच्या या मागे येण्यावर ठेवावी. आणि शेवटी भिंतीवरच्या छिद्रांचे तिन्ही पुंजके शेजारी ठेवून पाहावेत.